गिऱ्हाइकाच्या आधी आपणच आपले घर तपासा

आपल्या व्यापारी बंधूंना माल पारखायला शिकवण्याची गरज नाही. कापडवाला थान उलगडून डाग कोठे आहे ते आधी स्वतः पाहतो, मग गिऱ्हाइकापुढे टाकतो. लाकूडवाला ओंडक्यावर थाप मारून आवाज ऐकतो. पण हेच बंधू वडिलोपार्जित घर विकायला काढतात तेव्हा काय करतात? रंगाऱ्याला बोलावतात, दोन हात डिस्टेंपर मारून घेतात आणि दलालाच्या हाती किल्ली देतात. मग पहिले गिऱ्हाईक इंजिनिअरला सोबत घेऊन येते आणि आपल्या घरात काय काय बिघडले आहे, हे मालकाला त्या परक्या माणसाच्या तोंडून ऐकावे लागते. त्या क्षणी भाव आपल्या हातातून गेलेला असतो.

या लेखात मुख्यतः कोकणातल्या घरांविषयी लिहीत आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आपल्या किती तरी घरांना आज वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप असते. एक भाऊ मुंबईत, दुसरा कुवेतला, बहीण सासरी, आणि वडील अल्लाहला प्यारे झालेले. बंद घर राहत्या घरापेक्षा फार लवकर खराब होते. चूल पेटत नाही, खिडक्या उघडत नाहीत, सरकलेले कौल कोणाच्या लक्षात येत नाही. विक्री करण्यात काही गैर नाही, परंतु ती नीट व्हावी. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल, कारण ओल आणि वाळवी जिल्हा विचारून येत नाहीत.

आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या मामांचे चिऱ्याचे घर होते. मे महिन्यात सर्व जण गावी जमले तेव्हा विकायचे ठरले. माजघराच्या भिंतीला खालून दोन हात उंचीपर्यंत लोणा लागला होता, हे सर्वांना ठाऊक होते. कोणी तरी सुचवले, ऑइल पेंट मारा, झाकून जाईल. मारला, आणि भिंत आरशासारखी झाली. गिऱ्हाईक मिळाले, विसार घेतला, खरेदीखत जुलैमध्ये ठरले. जुलैमध्ये गिऱ्हाईक टेप घेऊन मोजायला आले तर रंगाला पापडासारखे फुगे आलेले आणि बोट लावले की आतून पांढरी पूड गळत होती. त्या माणसाने आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "हे तुम्हाला माहीत होते ना?" मामांना उत्तर देता आले नाही. गवंड्याच्या अंदाजाने दुरुस्तीचा खर्च पंचेचाळीस हजार होता, सौदा मात्र तीन लाखांनी खाली आला. कारण गिऱ्हाईक आता त्या एका भिंतीचा हिशेब करीत नव्हते. जे दिसत नाही तेथे आणखी काय काय झाकले असेल, याचा हिशेब ते करीत होते.

कायदा काय सांगतो

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची पहिलीच जबाबदारी सांगितली आहे. मिळकतीतला किंवा तिच्या मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नाही, तो दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक समजली जाते, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे फुटलेले कौल डोळ्यांना दिसते, ते पाहणे घेणाऱ्याचे काम. परंतु रंगाखाली दडवलेली ओल, फॉल्स सीलिंगच्या वर वाळवीने पोखरलेला वासा किंवा घरात शिरणारे पुराचे पाणी, हे सांगणे आपले काम. ऐब सांगून माल विकावा, हा दंडक आपल्याकडे तर त्याहून किती तरी जुना आहे. त्यासाठी १८८२ सालापर्यंत थांबावे लागले नव्हते.

पुराचा उल्लेख मुद्दाम केला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, त्याच दिवसांत महाडलाही हाहाकार उडाला. त्यापूर्वी २६ जुलै २००५ चा पूर लोकांच्या लक्षात आहेच. आज या भागात येणारे गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच करते की, पाणी कोठवर आले होते? आपण ओटीच्या खांबावर बोट ठेवून खरी पातळी दाखवावी. शेजारी दाखवणारच आहेत. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखलेली असेल, तर आपले घर कोणत्या रेषेत येते याची आधीच चौकशी करून ठेवावी. श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडाले असेल आणि नवे घातले असेल, तर तेही सांगावे. नवे छप्पर ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

तपासणी पावसात, दुरुस्ती थंडीत

आपली मोठी चूक वेळेची असते. मे महिन्यात सर्व जण गावी येतात, घर तेव्हा कोरडे ठणठणीत असते, तेव्हाच पाहणी होते, तेव्हाच रंग होतो आणि जूनमध्ये कुलूप लागते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घराची खरी परीक्षा त्या चार महिन्यांत असते आणि नेमके तेव्हाच घरात कोणी नसते.

विकायचा विचार पक्का असेल तर घरातल्या एकाने तरी जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवस सवड काढून गावी जावे. जोराचा पाऊस चालू असताना घरभर फिरावे. जेथे थेंब दिसेल तेथे खडूने खूण करावी, मोबाइलवर फोटो काढावा, वहीत नोंद करावी. माळ्यावर बॅटरी घेऊन चढावे. भिंतींना हात लावून पाहावे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून कौले आणि भिंतींचे काम काढावे, गिलावा नीट वाळू द्यावा आणि रंग सर्वांत शेवटी द्यावा. ओल्या गिलाव्यावर रंग चढवण्याची घाई केली की पैसे दोनदा जातात. म्हणजे मे महिन्यात गिऱ्हाईक येईल तेव्हा घर तयार असेल, आणि पुढच्या जुलैमध्ये आले तरी घाबरण्याचे कारण उरणार नाही.

छप्पर, भिंती, लाकूड

छपरापासून सुरुवात करावी, कारण खालची निम्मी दुखणी वरून आलेली असतात. कौल फुटते त्यापेक्षा सरकते जास्त. माकडे, उंदीर, वर पडलेला नारळ, अशी कारणे साधीच असतात. दर वर्षी घर शाकारण्याची पद्धत होती तोवर हे आपोआप दुरुस्त होत असे. आता शाकारणी बंद पडली आणि एका सरकलेल्या कौलाखाली वासा दहा वर्षे भिजत राहिला. कौले बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगलोरी कौलांची मापे आणि खाचा जुळत नाहीत. जुने कौल उलटे करून त्यावरचा छाप पाहावा आणि त्याच छापाची कौले गावात पडलेल्या घरांतून मिळतात का ते शोधावे. शिल्लक राहिलेली कौले भंगारात न देता पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवावी. जाणकार गिऱ्हाइकाला ती पाहून बरे वाटते.

आता ओल. ओल म्हणजे एकच रोग नव्हे, आणि दवा देण्यापूर्वी रोग ओळखला पाहिजे. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या तळापासून साधारण कमरेपर्यंत दिसते, तिची वरची कड आडवी असते आणि तेथे पांढरा लोणा फुटतो. छपरातून येणारी ओल वरून खाली ओघळते. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर पावसाचा मारा बसून आलेली ओल त्याच भिंतीपुरती राहते. न्हाणीच्या मागची ओल बाराही महिने असते. एके ठिकाणीच पट्टा ओला आणि उन्हाळ्यातही सुकत नाही, असे असेल तर पाइप फुटला आहे असे समजावे. कधी कधी भिंत ओली नसतेच, कोंदट हवेतले पाणी थंड भिंतीवर धरते. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाणी प्लास्टिकच्या मागे धरले असेल तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला धरले असेल तर ती हवेतली आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या की काम भागते.

चिरा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि उन्हात पुन्हा सोडतो. आपल्या वाडवडिलांनी त्यावर चुन्याचा गिलावा केला, तो भिंतीला श्वास घेऊ देत असे. पुढे हौसेने सिमेंटचा गिलावा आला, त्यावर ऑइल पेंट आला, आणि आतले पाणी आतच कोंडले. त्यामुळे जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर पुन्हा सिमेंट थापणे हा उपाय नव्हे. आधी बाहेरचे पाहावे. अंगण भरत भरत जोत्याच्या वर आले आहे काय? पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडते काय? पन्हळ लावून आणि घराभोवती उताराचा चर काढून पाणी दूर नेले, तर अर्धी भिंत आपोआप सुकते. हे काम स्वस्तातले आहे आणि म्हणूनच कोणी करीत नाही. त्यानंतर सैल गिलावा खरवडून, भिंत सुकू देऊन, चुन्याचा किंवा चुना-सिमेंट मिश्र गिलावा करावा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता थोडेच उरले आहेत. आपल्यातल्या तरुण कारागिरांनी ते जुन्या उस्तादांकडून शिकून घेतले तर त्यांना काम कमी पडणार नाही.

वाळवी शोधायला यंत्र लागत नाही. भिंतीवर, चौकटीच्या मागे, आढ्याजवळ मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते पाहावे. चौकटी, वासे, माळ्याच्या फळ्या यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बोदा. शंका आली तेथे टोच्या मारावा. तो सहज आत गेला तर ते लाकूड गेले, त्यावर पॉलिश करून उपयोग नाही. जुना साग बहुधा टिकलेला असतो. आंब्याचे किंवा फणसाच्या कच्च्या भागाचे लाकूड आधी जाते. उपाय करताना भिंत आणि जमीन मिळते तेथे १२ मिलिमीटरची छिद्रे एकेक फुटावर पाडून वाळवीनाशक सोडतात, लाकडावर वेगळी फवारणी करतात. काम करणाऱ्याकडून पक्के बिल आणि लेखी हमी घ्यावी. ही हमी गिऱ्हाइकाला दाखवता येते. नुसते "फवारले आहे हो" या शब्दाला किंमत नसते.

भेगांनी माणूस उगीच घाबरतो, आणि काही वेळा घाबरायला हवे तेथे घाबरत नाही. गिलाव्यावरच्या केसासारख्या जाळीदार भेगा निरुपद्रवी असतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, चिऱ्यांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली किंवा वर रुंद आणि खाली निमुळती झालेली भेग ही पाया खचल्याची खूण असू शकते. ती जुनी आहे की अजून वाढते आहे, हे पाहण्यासाठी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवावी आणि बाजूला तारीख लिहावी. सहा महिन्यांत, त्यातही एक पावसाळा गेल्यावर, काच तडकली नाही तर भेग स्थिर आहे. तडकली तर गवंडी नको, इंजिनिअर बोलवा. आणि ती काच गिऱ्हाईक येईपर्यंत काढू नका. तारखेसह अखंड राहिलेली काच ज्याला दाखवता येते, त्याला त्या भेगेबद्दल फार बोलावे लागत नाही.

स्लॅबची घरे आणि फ्लॅट यांचे दुखणे वेगळे. तेथे लोखंड गंजते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. छताला तांबूस डाग, फुगवटा किंवा हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज, ही लक्षणे दिसली तर वरून प्लास्टर थापू नये. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, तिला गंजरोधक लेप देऊन, मग पॉलिमरयुक्त मसाल्याने भरावे लागते. खारी हवा असलेल्या किनारपट्टीत हे लवकर होते. गच्चीची परीक्षा पाणी साठवून करतात. पाणी जाण्याच्या वाटा बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस ठेवावे आणि खालून छत पाहावे. मात्र स्लॅब आधीच कमजोर दिसत असेल तर हा प्रयोग इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये. फ्लॅट असेल तर सोसायटीची थकबाकी, भाग दाखला आणि इमारत तीस वर्षांवरची असल्यास तिच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल हाताशी ठेवावा. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यमापक इमारतीचे वय आणि उरलेले आयुष्य विचारणारच.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. चिनी मातीचे जुने फ्यूज आणि त्यात घातलेली जाड तार अजूनही घराघरांत दिसते. ते काढून एमसीबी बसवावेत, सोबत शॉक लागताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. खर्च फार नाही. बंद घराचे बिल थकून मीटर काढून नेला असेल तर तो आधी जोडून घ्यावा. दिवा न लागणाऱ्या घराची तपासणी कोण करणार?

घरातच दुकान वा कारखाना असेल तर

आपल्यापैकी अनेकांचे घर आणि धंदा एकाच छपराखाली असतात. पुढच्या खोलीत किराणा, मागे शिलाईची यंत्रे, कोठे लेथ, कोठे सुतारकामाची करवत, भिवंडी-मालेगावकडे मागाचा खड्डा. अशा घराची तपासणी जास्त कसून होते. यंत्र हलवल्यावर खालची जमीन कशी आहे ते पाहावे. तेलाने काळवंडलेली लादी, उखडलेले बोल्ट आणि सततच्या हादऱ्याने भिंत आणि छत यांच्या सांध्यात पडलेली फट, हे सर्व यंत्र गेल्यावरच दिसते. म्हणून यंत्रे आणि मालाची पोती गिऱ्हाईक येण्यापूर्वी हलवावी. भिंतीला पोती लावून ठेवली की पाहणाऱ्याला वाटते मागे काही आहे, आणि बहुधा असतेही. वीजजोडणी घरगुती की व्यापारी, घरपट्टीची आकारणी कोणत्या वापराची, हे दोन कागद एकमेकांशी आणि प्रत्यक्ष वापराशी जुळले पाहिजेत. फरक असेल तर विक्रीपूर्वी मिटवावा, कारण मागची वसुली निघाली तर ती कोणी भरायची यावरून वाद होतो.

कागदांची तपासणी

घेणाऱ्याचा वकील भिंती पाहत नाही, कागद पाहतो, आणि आपली बहुतेक घरे येथेच अडकतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घरपट्टी आकारणीसाठी असतो. त्यावर आपले नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. गावठाणाबाहेरच्या जागेला सातबारा, शहरात नगर भूमापनाची मिळकत पत्रिका. गावठाणातल्या घरांना पूर्वी असा कागदच नसे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन बऱ्याच गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. आपल्या गावाची झाली असेल तर ती काढून आणावी आणि क्षेत्र व नावे बरोबर आहेत का ते पाहावे. त्याशिवाय प्रत्यक्ष जागेवर गडगा कोठून जातो, सामाईक भिंत कोणाची, आपल्या पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडतात काय, पाखाडीवरून येण्याजाण्याचा हक्क कोठे लिहिलेला आहे काय, हेही स्पष्ट असावे. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. घर मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या जागेत असेल तर जमीन वक्फची आहे का ते आधी पाहावे. वक्फची जमीन विकता येत नाही.

सर्वांत नाजूक बाब वारसांची. वडील वारले त्याच क्षणी मुस्लिम कायद्याने प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. उताऱ्यावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव चढले म्हणून घर त्याचे होत नाही, आणि एका वारसाला दुसऱ्याचा हिस्सा विकता येत नाही. उदाहरण घेऊ. मरहूमांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे वारस आहेत, आईवडील आधीच वारलेले आहेत. कर्ज आणि वसीयत भागवून उरलेल्या मिळकतीचे ४० भाग केले तर पत्नीचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. घर ४० लाखांना गेले तर बहिणीचे सात लाख होतात. तिने लग्नात घेतले, ती काही मागणार नाही, असे भावांनी आपसांत ठरवून चालत नाही. तिची सही लागते, किंवा तिने स्वखुशीने दिलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. वारसांत अज्ञान मूल असेल तर आणखी जपावे. मुस्लिम कायद्यात आई ही मुलाच्या मिळकतीची कायदेशीर पालक नाही, त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिने केलेली त्या हिश्शाची विक्री टिकत नाही.

दुरुस्तीचा खर्चही येथेच येतो. एका भावाने कोणाला न विचारता दोन लाख घातले आणि वाटणीच्या दिवशी ते वजा करा म्हणाला, की मग घर विकले जाते आणि भाऊ तुटतात. म्हणून जुलैच्या पाहणीनंतर सर्व वारसांना यादी दाखवावी, बहिणीलासुद्धा. कोणते काम करायचे, किती पर्यंत करायचे, पैसे कोण घालणार आणि विक्रीतून आधी त्याचे त्याला कसे द्यायचे, हे साध्या कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आणि सर्वच दुरुस्त करायला हवे असेही नाही. गळती, ओल, वाळवी, वीज ही कामे करावी. नव्या लाद्या, नवे स्वयंपाकघर, फॉल्स सीलिंग यांवर खर्च करू नये. घेणारा ते आपल्या आवडीने पाडून पुन्हा करतो, आणि फॉल्स सीलिंग नवे दिसले की वर काय आहे अशी शंकाही येते.

परदेशात असलेल्या बंधूंनी कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. त्याच वेळी करसल्लागाराशीही बोलून घ्यावे. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला रकमेतून बराच जास्त कर कापावा लागतो आणि तो कमी कापावा यासाठी आयकर खात्याचा दाखला आधी काढावा लागतो. विसार रोख घेण्याची जुनी सवय सर्वांनीच सोडावी. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्याला २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो.

गिऱ्हाईक येते त्या दिवशी

आदल्या दिवशी घर उघडून सर्व खिडक्या मोकळ्या कराव्यात. अत्तर, उदबत्ती यांचा मारा करू नये, कुबट वास झाकायला केले असे वाटते. माळ्याला शिडी लावून ठेवावी. मीटरपेटीची, टाकीची, सेप्टिक टँकच्या झाकणाची जागा मोकळी असावी. विहीर असेल तर उपसा करून घ्यावा आणि पाण्याचा नमुना आरोग्य प्रयोगशाळेत तपासून अहवाल ठेवावा. घराची माहिती असलेला एकच माणूस सोबत असावा. चौघे भाऊ चार उत्तरे देतात. इंजिनिअर ठोकत, टोचत, मोजत फिरेल, त्याला फिरू द्यावे, मागे मागे जाऊन खुलासे करू नयेत. विचारले तर सांगावे, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे.

शेवटी एक फाइल त्याच्या हाती द्यावी. त्यात पावसाळ्यातले फोटो, दुरुस्तीचे फोटो, गवंड्याची आणि वाळवीवाल्याची बिले असावीत. सोबत एक पानाची यादी असावी. काय दुरुस्त केले, काय तसेच ठेवले, पुराचे पाणी कधी व कोठवर आले, कोणते लाकूड कमजोर आहे. मामांच्या घराच्या अनुभवानंतर आमच्या थोरल्या खालांनी आपले घर विकताना अशी यादी केली. न्हाणीची भिंत ओली आहे आणि आम्ही ती दुरुस्त केलेली नाही, असे त्यात सरळ लिहिले होते. गिऱ्हाइकाने त्या भिंतीचे साठ हजार कमी करायला लावले आणि दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. साठेखत होईल तेव्हा ही यादी त्याला जोडावी, दोन्ही बाजूंनी तिच्यावर सह्या कराव्यात आणि एक प्रत खरेदीखताच्या नकलेसोबत आपल्याकडे जपून ठेवावी.